फितूर कोणाला म्हणावे?

ज्याचे मत आपल्याला रुचत नाही, त्याला फितूर म्हणून मोकळे व्हायची आपल्याला भारी हौस. घरात भाऊबंदकी पेटली की ही हौस दुणावते. पण वाचकहो, फितुरी ओळखायची कशी?

१७७३ च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव गादीवर बसले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवले व पुणे सोडले. पुढे कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले. गादीवरच्या धन्याविरुद्ध उठले ते हे. मग फितूर हेच ना? आणि धन्याने काय केले? १७७५ च्या मार्चात सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली! युद्ध १७८२ पर्यंत चालले. सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

कोणी म्हणेल, बारभाईंनीही निजामाशी संधान बांधलेच होते. होते, मग तोच गज त्यांनाही लावा! मोठ्यांच्या सौद्यात रयतेचे काय होते, हे निजाम आणि भोसले अशा दोन धन्यांना सारा भरलेल्या आमच्या वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको.

धन्याला विरोध करणे ही फितुरी नव्हे. भांडण जिंकण्यासाठी घरच परक्याकडे गहाण टाकणे ही फितुरी. मग टाकणारा गादीवर का बसलेला असेना! शास्त्रीबोवांनी पुणे सोडले, विकले नाही. फराळाच्या ताटावर वाद खुशाल घाला. ही पारख तेवढी जवळ ठेवा.