खुनी कोण? हे तिकीट आता क्लोज करा

मागच्या वर्षी ऑनसाईटला लंडनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. शनिवार संध्याकाळ, काही उद्योग नाही. रूममेट म्हणाला, "चल रे, जॅक द रिपरच्या टूरला जाऊ, भारी असते म्हणे." पंधरा पौंड मोजले आणि ऑल्डगेट ईस्ट स्टेशनबाहेर जाऊन उभे राहिलो. पंचवीसेक लोक होते, बहुतेक आपल्याच वयाचे, अर्ध्यांच्या पाठीवर लॅपटॉपची सॅक. गाईडकडे छोटा प्रोजेक्टर होता. प्रत्येक स्पॉटवर तो विटांच्या भिंतीवर मेलेल्या बाईचा फोटो टाकायचा, लोक "ओह्!" करायचे आणि मोबाईल काढायचे. शेवटी त्याने मतदान घेतलं. खुनी कोण? डॉक्टर, बॅरिस्टर, की पोलंडहून आलेला न्हावी? हात वर करा!

मी न्हाव्यासाठी हात वर केला. का? कुठेतरी वाचलं होतं की डीएनएने सिद्ध झालंय.

हा लेख त्या वर केलेल्या हाताबद्दल आहे. रूमवर आल्यावर दोन वीकेंड याच विषयावर वाचत बसलो आणि माझी मलाच लाज वाटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, म्हणजे व्हाईटचॅपल आणि आसपासच्या गरीब वस्तीत, पाच बायकांचे खून झाले. मेरी ॲन निकल्स (हिला पॉली म्हणत), ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राईड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. पोलिसांच्या फाईलमध्ये १८८८ ते १८९१ मधले एकूण अकरा खून आहेत, पण एकाच माणसाचे म्हणून हे पाच धरतात. खुनी कधीच सापडला नाही.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. इनपुट कचरा असेल तर आउटपुटही कचराच येणार, हे आपण फ्रेशर्सना पहिल्या आठवड्यात सांगतो. मग या केसचं इनपुट काय आहे?

पहिलं म्हणजे नाव. 'जॅक द रिपर' हे नाव एका पत्रातून आलं. सप्टेंबर १८८८ च्या शेवटी ते सेंट्रल न्यूज एजन्सीला मिळालं. लाल शाई, मस्त ड्रामा! ते एखाद्या पत्रकारानेच लिहिलं असावं असं नंतर पोलिसांचंच मत झालं. म्हणजे आपण ज्या नावाने या माणसाला हाका मारतो, ते बहुधा पेपर खपवायला केलेलं ब्रँडिंग आहे.

दुसरं, संशयितांची यादी. सर मेल्विल मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने १८९४ मध्ये तीन नावं लिहून ठेवली. हा गृहस्थ पोलिसात आला १८८९ मध्ये, म्हणजे हे पाच खून होऊन गेल्यावर. त्याने ड्रुइटला ४१ वर्षांचा डॉक्टर ठरवलं. तो होता ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर. दुसरा संशयित ऑस्ट्रॉग तर खून झाले तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता! तिसरा कॉझ्मिन्स्की. पोलंडहून आलेला ज्यू न्हावी, मानसिक आजारी, १८९१ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला तो १९१९ मध्ये तिथल्याच व्यवस्थेत मेला. सव्वाशे वर्षं लोक या यादीवर पुस्तकं लिहितायत.

तिसरं, तो डीएनए. एका लिलावात विकत घेतलेली शाल एडोजच्या प्रेताजवळची आहे म्हणे. २०१४ मध्ये दावा झाला की त्या शालीवरचा एक दुर्मिळ बदल, 314.1C, एडोजच्या वंशजाशी जुळतो आणि असा बदल २,९०,००० माणसांत एकालाच असतो. जाणकारांनी लगेच दाखवून दिलं की बदलाचा नंबर चुकलाय. तो 314.1C नाही, 315.1C आहे आणि युरोपियन वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत तो असतो.

वाचलंत ना? ऑफ-बाय-वन एरर! आपण असला बग प्रॉडक्शनला टाकला तर मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो. इथे त्याने जगभर हेडलाइन झाली आणि ती वाचून मी हात वर केला.

आणि शाल? एडोजच्या अंगावर आणि जवळ काय काय होतं याची पोलिसांनी तपशीलवार यादी केली होती. चहाची पूड आणि साखर ठेवलेल्या दोन छोट्या डब्या, साबणाचे तुकडे, कंगवा, चमचा. मोहरीच्या डबीत गहाणाच्या दोन पावत्या. यादीत ती शाल नाही.

तुम्ही म्हणाल, "अरे, टाइमपास आहे. कोणाचं काय बिघडतं?" बिघडतं. १८८८ मध्येच बिघडलं होतं. 'लेदर ॲप्रन' नावाचा कुणी ज्यू हे करतो अशी हूल उठली, जॉन पायझर नावाच्या बूट बनवणाऱ्याला पकडलं, त्याची बाजू खरी निघाली म्हणून सोडलं. तोवर रस्त्यावर ज्यूंच्या नावाने शिव्या सुरू झाल्या होत्या. व्हिसावर परक्या शहरात राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगायला नको. पुरावा नसला की बोट नेहमी बाहेरून आलेल्याकडे वळतं. टूरवर ते माझंच होतं!

बरं, ज्याचं उत्तर मिळणार नाही तो प्रश्न सोडा. ज्याचं उत्तर तेव्हाच्या कोर्टातल्या चौकशीत लिहून ठेवलंय तो घ्या. या बायका त्या वेळी तिथे काय करत होत्या?

पॉली निकल्स, वय ४३. कधीकाळी प्रिंटरची बायको, पाच मुलांची आई. ३१ ऑगस्टच्या रात्री लॉजिंग हाऊसमधून तिला बाहेर काढलं. लॉजिंग हाऊस म्हणजे पुण्या-मुंबईतलं कॉट बेसिस समजा, फक्त भाडं रोजच्या रोज. एका खाटेचे चार पेन्स. तिच्याकडे ते नव्हते. दिवसभरात आले होते, ते दारूत गेले, हे तिनेच मैत्रिणीला सांगितलं. पहाटे चारच्या आत ती रस्त्यावर मेलेली सापडली. ओळख पटवायला उपयोगी पडला तिच्या परकरावरचा लँबेथ वर्कहाऊसचा शिक्का.

ॲनी चॅपमन, ४७. फुप्फुसाचा आजार पार बळावलेला. खाटेचे पैसे नाहीत म्हणून मध्यरात्रीनंतर बाहेर. सकाळी सहाच्या सुमारास प्रेत सापडलं.

एडोजच्या सोबत्याने चौकशीत सांगितलं, की त्याच आठवड्यात एका रात्री दोघांत मिळून सहा पेन्स होते. चार त्याच्या खाटेला दिले आणि ती दोन पेन्स घेऊन वर्कहाऊसच्या निराधारांच्या वॉर्डात झोपायला गेली. मेरी केलीचं भाडं २९ शिलिंग थकलं होतं. तिचं प्रेत पाहिलं ते वसुलीला पाठवलेल्या माणसाने.

डेटा प्रामाणिकपणे सांगायचा तर स्ट्राईड यात बसत नाही. तिने त्या दिवशी खोल्या साफ करून सहा पेन्स कमावले होते. पण पाचातल्या दोघी सरळसरळ खाटेचे पैसे नव्हते म्हणून रात्री रस्त्यावर होत्या. हे गूढ नाही, रेकॉर्डवर आहे.

"पण त्या वेश्या होत्या ना?" हे टूरवर तीनदा ऐकलं. पाचापैकी तिघींबाबत तसा पुरावा नाही, असं इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ च्या 'द फाईव्ह' मध्ये मांडलंय. त्यावर वाद आहेत. पण समजा होत्या. मग? त्याने एक प्रेत तरी कमी होतं का?

गाईडचा शेवटचा डायलॉग होता, "खुन्यामुळेच जगाचं या वस्तीकडे लक्ष गेलं." धादांत खोटं. चार्ल्स बूथने लंडनच्या गरिबीची मोजणी १८८६ मध्येच सुरू केली होती. आणि त्याच १८८८ च्या जुलैमध्ये, जवळच्याच बो भागात, ब्रायंट अँड मे काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका आणि मुली संपावर गेल्या आणि जिंकल्या. त्यांची हलाखी छापून आणणारी बाई कोण? ॲनी बेझंट. हो, त्याच, ज्यांचं नाव शाळेत टिळकांबरोबर होमरूलच्या धड्यात पाठ केलं होतं. घरी बसून काड्यापेट्यांच्या डब्या करणाऱ्या बाईला तेव्हा १४४ डब्यांमागे जेमतेम अडीच पेन्स मिळत. म्हणजे एका रात्रीच्या खाटेसाठी दोनशेवर डब्या. ईस्ट एंडचा त्या उन्हाळ्याचा खरा थ्रिलर हा होता. तो मला इंजिनिअर होऊनही अठ्ठाविसाव्या वर्षी कळला, आणि न्हाव्याचं नाव मात्र आधीच पाठ होतं.

कुतूहल वाईट नाही. मीही क्राईम पॉडकास्ट ऐकतो, यापुढेही ऐकेन. पण जे तिकीट सोडवायला डेटाच उरलेला नाही ते क्लोज करायचं असतं, अंदाजाने कोणावर तरी असाइन करायचं नसतं.

जाता जाता एक हिशेब. जुन्या पौंडात २४० पेन्स असत. माझं तिकीट पंधरा पौंडांचं, म्हणजे ३,६०० पेन्स. महागाई धरलेली नाही, मला माहितीये, कमेंटमध्ये सांगू नका :)

चार पेन्सने भागा. नऊशे रात्रींची खाट.