आपल्यावाचून कुणाचं अडतं?

बॉस्टनच्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘योग होता, दुसरं काय!’ लोगन विमानतळावर शेजारच्या खुर्चीत कुणी सांगलीचा निघतो आणि पुढं त्याच्याच ओळखीनं नोकरी लागते. मनात भरलेलं घर हातचं जातं, नाइलाजानं दुसऱ्या गावात घ्यावं लागतं आणि तिथली शेजारीण जन्माची मैत्रीण होते. हल्ली या गोष्टींत कुत्र्यामांजरांचीही भर पडली आहे. ‘आम्ही शेल्टरमध्ये नुसतं बघायला गेलो होतो, पण ते आमच्याच घरी यायचं, हे वरूनच ठरलेलं!’

ऐकायला छान वाटतं, पण मला पटत नाही. भेटी योगायोगानं होतात, यात वाद नाही. त्या योगायोगात अर्थ आधीच भरून ठेवलेला असतो आणि आपण तो फक्त ओळखायचा, हे मात्र मला मान्य नाही. भेटीला अर्थ येतो तो तिच्यानंतर आपण जे काम अंगावर घेतो त्यामुळं. ते घेतलं नाही, तर योग कितीही जुळून आलेला असो, त्याचं पुढं काहीच होत नाही.

‘ठरलेलं होतं’ म्हणणाऱ्यांसमोर मी एक आकडा ठेवतो. ‘अमेरिकन सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टु अ‍ॅनिमल्स’ या संस्थेच्या २०१९च्या अंदाजानुसार, या देशातल्या शेल्टरांत वर्षाला सुमारे ६३ लाख कुत्री-मांजरं येत होती आणि त्यांतल्या सुमारे ९ लाख २० हजारांना इंजेक्शन देऊन मारलं जात होतं. तुमचं कुत्रं तुमच्या घरी येणं ठरलेलं होतं, तर शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचं काय ठरलेलं होतं? दैवाचा हिशेब वाचलेल्यांनाच गोड लागतो. याच संस्थेच्या अंदाजात २०११ साली मारल्या जाणाऱ्या जनावरांची संख्या २६ लाखांच्या घरात होती. ती इतकी खाली आली, त्यामागं कुणाचे ग्रह पालटले नव्हते. नसबंदीच्या मोहिमा निघाल्या, दत्तक देण्याची व्यवस्था सुधारली, दक्षिणेकडच्या तुडुंब भरलेल्या शेल्टरांतली कुत्री व्हॅनमध्ये घालून उत्तरेत आणली गेली. आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अशा बाहेरून आलेल्या कुत्र्यांना आधी ४८ तास वेगळं ठेवावं लागतं, तपासावं लागतं. त्या ४८ तासांत कुणीतरी रात्री उठून त्यांचं खाणंपिणं आणि शीशू बघत असतं. आपण ज्याला योग म्हणतो, त्याच्या मागं ही अशी माणसं जागलेली असतात.

याच शहरातलं एक जुनं उदाहरण घ्या. १८६८ साली जॉर्ज एंजेल नावाच्या बॉस्टनच्या वकिलानं वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. ब्रायटनपासून वूस्टरपर्यंत, जवळपास ४० मैल, खराब रस्त्यावरून दोन घोड्यांची शर्यत लावली होती. प्रत्येक घोडा दोन-दोन माणसं ओढत होता. दोन्ही घोडे मेले. ती बातमी त्या दिवशी शेकडो लोकांनी वाचली असेल, हळहळ व्यक्त केली असेल आणि पान उलटलं असेल. एंजेलनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं : या कामासाठी मी माझा वेळ आणि पैसा द्यायला तयार आहे, कोण येतंय बरोबर? एमिली ॲपलटन या बाई अशीच संस्था काढायच्या खटपटीत होत्या, त्या येऊन मिळाल्या. काही आठवड्यांत मॅसॅच्युसेट्सची प्राणिरक्षक संस्था उभी राहिली. आपल्यातले कितीतरी जण मांजर आजारी पडलं की ज्या ‘एंजेल’ रुग्णालयात धाव घेतात, त्याला हे नाव या वकिलावरून पडलं आहे.

या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील थोडा आधीचा आहे. एंजेलनं १८६४ सालीच मृत्युपत्र करून ठेवलं होतं, की माझ्यामागं माझ्या मालमत्तेतला मोठा वाटा मुलांना प्राण्यांविषयी दया शिकवण्यासाठी खर्च व्हावा. म्हणजे इच्छा होती, पण ती मृत्यूनंतरच्या तारखेवर टाकलेली होती. योगायोगानं हाती आलेल्या बातमीनं ती तारीख त्याच दिवसावर आणली. त्या वेळी त्याचं वय पंचेचाळीसच्या आसपास होतं, वकिली बरी चालली होती, कुणी त्याला बोलावलं नव्हतं. योगायोग फार तर इतकंच करतो : ‘पुढं बघू’ म्हणून ठेवलेलं काम समोर आणून ठेवतो. उचलायचं की नाही, ते आपल्यावर.

आता आपल्याकडं वळू. आपण सगळेच मोठ्या बदलांतून गेलेली माणसं आहोत. देश सोडणं हा पहिला बदल. पुढं ले-ऑफ, मुलं कॉलेजला जाऊन घर रिकामं होणं, निवृत्ती, जोडीदार जाणं. या प्रसंगांत नेमकं काय दुखतं? पैशाची चिंता असते, एकटेपणाही असतो. पण त्यांच्याखाली आणखी एक दुखणं असतं आणि त्याविषयी आपण फारसं बोलत नाही : आपल्यावाचून आता कुणाचं अडत नाही.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांकडं बघा. तिकडं बाबा सोसायटीचे सेक्रेटरी असतात, टाकी कधी धुवायची ते त्यांना विचारून ठरतं. आईकडं भिशीचा हिशेब असतो, कामवाल्या बाईच्या मुलीच्या फीची तारीख तिच्या डोक्यात असते. इथं आल्यावर सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा हो, मी करते.’ अगदी प्रेमानं म्हणते. पण महिनाभर ‘तुम्ही बसा’ ऐकल्यावर चांगलं धडधाकट माणूस खिडकीशी बसून, शेजाऱ्यांची गाडी किती वाजता आली ते मोजायला लागतं. त्यांना करमणूक कमी पडत नाही, टीव्हीवर सगळ्या मालिका असतात. कमी पडतं ते काम, असं काम की जे आपण केलं नाही तर राहील.

काम सुटल्यावर काय होतं, ते सांगायला इथं मला शर्यतीच्या कुत्र्यांबद्दल बोलायचं आहे. मेट्रोच्या ब्लू लाइनचं शेवटचं स्टेशन ‘वंडरलँड’ आपण सगळ्यांनी नकाशावर पाहिलेलं आहे. रेव्हीअरमधल्या या जागी १९३५पासून ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती होत. २००८च्या नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१०पासून मॅसॅच्युसेट्समधल्या कुत्र्यांच्या शर्यती कायद्यानं बंद झाल्या. पुढं फ्लॉरिडानंही मतदानानं तेच केलं, तिथल्या शर्यती २०२०च्या अखेरीस थांबल्या. दोन्हीकडं मिळून हजारो कुत्र्यांची नोकरी गेली, असं म्हणायला हरकत नाही. शर्यतीचं ग्रेहाउंड साधारण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत निवृत्त होतं आणि जगतं दहा-बारा वर्षं. म्हणजे निवृत्तीनंतरचं आयुष्य कामाच्या आयुष्यापेक्षा मोठं. आणि त्या आयुष्याची त्याला काहीच तयारी नसते. त्यानं जिना पाहिलेला नसतो. काच म्हणजे काय, ते माहीत नसतं. सगळा जन्म इतर ग्रेहाउंडांच्या घोळक्यात गेलेला असल्यामुळं एका खोलीत एकटं राहणं म्हणजे काय, तेही ठाऊक नसतं.

मंदीच्या काळात आमच्या ओळखीतल्या एका काकांची नोकरी गेली होती. वय पन्नाशीच्या पुढं, मुलगी नुकतीच कॉलेजला गेलेली. अर्ज पाठवायचे आणि उत्तराची वाट बघायची, असं चाललेलं. एका शनिवारी पक्ष्यांचे दाणे आणायला दुकानात गेले, तर दाराशी काही स्वयंसेवक निवृत्त ग्रेहाउंड घेऊन उभे होते. वाघासारखे पट्टे असलेली एक उंच कुत्री काकांजवळ आली आणि त्यांच्या मांडीला आपला सगळा भार देऊन उभी राहिली. ग्रेहाउंडांची ही सवयच असते, ती माणसाला असं टेकतात. काका म्हणतात, ‘मी हललो असतो तर ती पडली असती, म्हणून थांबलो.’

ही झाली भेट. तिच्यात दैवी असं काही नव्हतं. त्या सकाळी ती आणखी कितीजणांना टेकली असेल, कोण जाणे. खरी गोष्ट पुढं आहे. फॉर्म भरले, त्या स्वयंसेवकांच्या संस्थेची माणसं घर बघून गेली, कुंपणाची उंची मोजून गेली. कुत्री घरी आल्यावर जिन्यासमोर जी उभी राहिली ती राहिलीच. मग काका मागून एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचे आणि काकू वरच्या पायरीवर चीजचा तुकडा धरून बसायच्या. मागच्या दाराच्या काचेवर ती आपटू नये म्हणून काकूंनी आकाशकंदिलाच्या उरलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या तिच्या नाकाच्या उंचीवर चिकटवल्या. तिच्या दोन्ही कानांत आतल्या बाजूनं गोंदलेलं होतं : एका कानात जन्माचा महिना आणि वर्ष, पुढं एक अक्षर, दुसऱ्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक. काकांनी तिच्या जन्माचा महिना कानातूनच वाचून काढला आणि मुलीला फोनवर सांगितला. अंगावर चरबी नाही, म्हणून बर्फात तिला कोट घालावा लागे. आणि पट्टा सोडून कधीच न्यायचं नाही, कारण ताशी चाळीस मैलांहून जास्त वेगानं पळणारं जनावर एकदा खारीमागं सुटलं की हाका मारण्यात अर्थ नसतो.

काकांना पुढं नोकरी मिळाली, आधीपेक्षा लहान. ती कुत्रीमुळं मिळाली असं काही नाही. तिच्यामुळं इतकंच झालं की रोज पहाटे, बाहेर उणे दहा असो की उणे पंधरा, कुणीतरी उठल्यावाचून तिचं भागत नव्हतं. आणि ते कुणीतरी काका होते. दिवसाला एक कड आली, बाकीचा दिवस तिला धरून उभा राहिला.

गाड्यांच्या मागं एक स्टिकर दिसतो, पंजाच्या चित्रात ‘कोणी कुणाला वाचवलं?’ असं विचारणारा. मला तो आवडत नाही. त्यात जनावरावर एक ओझं टाकलेलं आहे. आपलं दुःख हलकं व्हावं म्हणून कुत्रं आणलं, तर ज्या दिवशी ते दुःख हलकं होत नाही त्या दिवशी कुत्रं निरुपयोगी ठरतं. ते सोफा फाडतं, रात्री रडतं, व्हेटचं बिल येतं आणि मग ‘आमचं काही जमलं नाही बुवा’ म्हणून परत शेल्टरात जातं. आपल्या आयुष्याला हेतू मिळवून देण्याची जबाबदारी त्याची नाही. आपण त्याचं करायचं. ते करताना आपलंही काही झालं तर झालं. हेतू मागून मिळत नाही, दुसऱ्याचं काही करताना तो आपोआप सापडतो.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला : माणसांना खायला मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे कोट शिवताय. याला मला न्यूयॉर्कचं उत्तर द्यावंसं वाटतं. १८७४ साली तिथं मेरी एलन नावाच्या लहान मुलीला घरात अमानुष मारहाण होत होती. एटा व्हीलर या बाई तिच्यासाठी दारोदार फिरल्या, पण कुणी दाद घेईना. शेवटी त्या गेल्या हेन्री बर्गकडं, ज्यानं १८६६ साली प्राण्यांसाठीची या देशातली पहिली संस्था काढली होती. बर्गनं आपला वकील एल्ब्रिज गेरी याला कामाला लावलं, मुलगी सुटली आणि त्यातूनच त्याच वर्षी मुलांच्या रक्षणासाठी न्यूयॉर्कची संस्था जन्माला आली. घोड्यासाठी उघडलेलं दार मुलीलाही उपयोगी पडलं. आपल्या परंपरेलाही हे नवं नाही. काशीची कावड रामेश्वराला नेताना एकनाथांनी ते पाणी तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं, ही कथा आपण मुलांना सांगतो. फरक एवढाच, की नाथांचं काम एका कावडीत भागलं. घरी आणलेल्या कुत्र्याचं दहा वर्षं करावं लागतं.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे : सगळ्यांना हे शक्य नाही. व्हिसाचं काही खरं नाही, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायची पाळी येऊ शकते. घरमालक परवानगी देत नाही. कुणाला केसांची ॲलर्जी, कुणाचं देवघर स्वयंपाकघरातच. दर डिसेंबरात महिनाभर भारतात जायचं, तर कुत्रं कुठं ठेवायचं? अशा घरांनी भावनेच्या भरात जनावर आणू नये, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. न आणणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. पण कुणाचं काही करायला ते कायमचं घरी आणावंच लागतं असं नाही. शेल्टरांना काही आठवड्यांसाठी जनावर सांभाळणारी फॉस्टर घरं लागतात. खर्च बहुतेक वेळा संस्थाच करते. आणि आपल्या मंडळातच अशी कितीतरी घरं आहेत, जी भारतात जाताना कुत्र्यासाठी दिवसाला पन्नास-साठ डॉलर मोजून बोर्डिंग शोधतात, तर दोन रस्ते पलीकडं एखादे आजोबा खिडकीशी बसलेले असतात.

म्हणून कार्यकारिणीकडं माझी सूचना आहे. गणपतीच्या कार्यक्रमात नावनोंदणीच्या टेबलावर आणखी एक वही ठेवावी. तीत दोन रकाने असावेत. एकात, ज्यांचं अडतं त्यांनी लिहावं : कुत्र्याला दुपारी फिरवून आणायला कुणी हवं, डिसेंबरात मांजर ठेवायला घर हवं, शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर डबा हवा, शाळा सुटल्यावर मुलाला तासभर सोबत हवी. दुसऱ्यात, ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी. जनावरांपुरतीच ती वही ठेवायचं कारण नाही. दर महिन्याला कुणीतरी बसून दोन्ही रकान्यांतली नावं जुळवावीत. ते काम मी करायला तयार आहे. योगायोगाच्या भरवशावर शंभर घरं एकमेकांना भेटायची वाट बघत राहण्यापेक्षा ते बरं. आणि येताना आईबाबांनाही आणा. दुसऱ्या रकान्यात त्यांचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहावं. आपण त्यांच्या वतीनं ‘त्यांना आता झेपणार नाही’ असं ठरवून टाकू नये.