हिमप्रदेशीचा पाहुणा मेहकरच्या उन्हात

दोन वर्षांपूर्वीच्या माघात आमच्या मेहकरच्या वाड्यात एक पाहुणा आला. पुण्यास संगणकाच्या कचेरीत नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने हौसेने एक सामोयेड जातीचा कुत्रा पाळला होता. पुढे त्याची बदली परदेशी झाली, तेव्हा जाण्यापूर्वी एका रात्री मोटारीतून तो त्यास येथे घेऊन आला आणि ओसरीवर सोडून म्हणाला, “काका, दोनच वर्षे.” मुलांनी त्याच पहाटे त्या शुभ्र, हसऱ्या तोंडाच्या प्राण्याचे नाव ‘कापूस’ ठेवले. आमच्या मातुःश्रींचे वय ब्याऐंशी. त्यांनी स्वयंपाकघर व देवघर यांचे उंबरे त्याने ओलांडू नयेत एवढीच अट घातली. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणते, त्यांनी धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशीही कुत्र्यास सोडले नाही ही कथा काढली. तेव्हा आई म्हणाल्या, “अरे, तो बर्फाकडे निघाला होता, हा बर्फाकडून आला आहे. ह्याचे वैशाखात काय करशील?”

त्या प्रश्नाचे उत्तर शिकण्यात आमची दोन वर्षे गेली. ह्या सदरात गाय, पोपट व मांजर यांविषयी आम्ही यापूर्वी लिहिले आहे. परंतु कुत्र्याविषयी, व विशेषतः अशा परदेशी केसाळ कुत्र्यांविषयी, वाचकांची विचारणा अलीकडे वाढली असल्यामुळे आमच्या घरचाच अनुभव, त्यातील चुकांसह, येथे देत आहोत.

सामोयेड हा मूळचा सायबेरियाच्या वायव्य भागातील कुत्रा. नेनेत्स वगैरे ज्या भटक्या जमाती तेथे रेनडियरचे कळप पाळतात, त्यांचा हा सोबती. कळप वळविणे, बर्फावरील घसरगाडी ओढणे आणि रात्री तंबूत माणसांना बिलगून निजणे ही त्याची पिढीजात कामे. इंग्लंडात ह्या जातीचे पहिले पिल्लू १८८९ साली अर्नेस्ट किलबर्न-स्कॉट ह्या गृहस्थांनी आर्खांगेल्स्ककडून नेले, असा त्या जातीचा इतिहास सांगतात. ते पिल्लू पांढरे नसून तपकिरी होते. पांढऱ्या रंगाची आवड पुढची. नर खांद्यापाशी सुमारे ५३ ते ६० सेंटीमीटर उंच भरतो व त्याचे वजन वीस ते तीस किलोच्या दरम्यान असते. अंगावर केसांचे दोन थर असतात: आत दाट, मऊ लव आणि बाहेर लांब, सरळ, काहीसे राठ केस. तंबूत माणसांत वाढलेल्या जातीस एकटेपणा मुळीच सोसत नाही. एकटा ठेवला तर भुंकून गल्ली उठवितो, दारे ओरबाडतो. ह्या एका बाबतीत चौदा माणसांचा वाडा त्यास शहरातील बंद सदनिकेपेक्षा मानवला, हे कबूल केले पाहिजे.

परंतु चौदा माणसांचा वाडा म्हणजे चौदा हात. आमची पहिली चूक तेथे झाली. दोन महिन्यांत कापूस असा गुटगुटीत झाला की त्याच्या फासळ्या बोटांस लागेनात. प्रत्येकजण शपथेवर सांगे की आपण केवळ एक चतकोर दिली. धाकट्या सूनबाईंनी एके दिवशी पाटीवर हिशेब मांडला. चौदा चतकोर म्हणजे साडेतीन पोळ्या. तेल लावलेल्या पोळीच्या सव्वाशे कॅलरी धरल्या तरी चारशेच्या वर गेल्या. बावीस किलोच्या प्रौढ कुत्र्यास साऱ्या दिवसास अकराशे-बाराशे पुरतात. म्हणजे त्याचे दोन्ही वेळचे जेवण होऊन वर तिसरा हिस्सा प्रेमापोटी जात होता, आणि सणावारीचे लाडू ह्यात धरलेलेच नव्हते.

गोडाविषयी विशेष लिहिणे भाग आहे. ज्या जातींस मधुमेह होण्याचा संभव इतरांहून अधिक, त्यांत सामोयेडची गणना होते. माणसाप्रमाणेच मग रोज सुई टोचावी लागते. तेव्हा पुरणपोळी, शिरा, पेढा हे त्यास वर्ज्यच. सत्यनारायणाचा प्रसाद तर दोन कारणांनी वर्ज्य, कारण त्यात बेदाणे असतात. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती दाण्यांनी होईल ह्याचा नेम नाही. कांदा व लसूण यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, म्हणून फोडणीची आमटी पोळीवर ओतून देण्याची आपल्याकडील सर्रास चाल सोडावी. चॉकलेट व साखरेऐवजी वापरावयाचे झायलिटॉल हीही विषेच होत.

दूधभातावर कुत्रा जगतो, असे आमच्या आळीत पुष्कळांचे मत आहे. जगतो हे खरे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले की, माणसाच्या सहवासात कुत्र्याच्या अंगी पिष्टान्न पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली आहे. परंतु शेती नसलेल्या हिमप्रदेशांतील काही जातींत ती शक्ती तितकी वाढलेली नाही, असेही पुढे आढळले. शिवाय नुसत्या भातात मांसपेशींस लागणारे द्रव्य पुरेसे नसते, चुन्याचा अंशही पुरेसा नसतो. आणि मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांस दूध पचत नाही, जुलाब होतात. आमचे घर शाकाहारी. वैद्यांनी, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांनी, स्पष्ट सांगितले की तयार कोरडे खाद्य हा मुख्य आहार ठेवावा, व जोडीस उकडलेले अंडे द्यावे. अंडे हा शब्द ऐकून माजघरात दोन दिवस शांतता होती. शेवटी परसात गुरांच्या गोठ्यामागे एक निराळी शेगडी मांडली गेली, निराळे पातेले आले, आणि ते काम धाकट्या सूनबाईंकडे गेले. आईंनी त्यावर एक अक्षर काढले नाही, मात्र दर चार दिवसांनी “त्याचे ते संपले नाही ना?” असे विचारतात.

आता त्यास दोन वेळा मोजून खावयास मिळते, उन्हाळ्यात सकाळी लवकर व रात्री ऊन उतरल्यावर. वरखाऊ म्हणून गाजराचा अथवा काकडीचा तुकडा, किंवा बिनमिठाच्या ताकाचे दोन घोट. माजघराच्या दारास एक वही टांगली आहे. जो देईल त्याने काय दिले ते लिहावे, असा नियम आहे. वहीत पहिल्या महिन्यात जी भांडणे झाली त्यांवर स्वतंत्र लेख होईल. दर पंधरा दिवसांनी त्याचे वजन होते: कोणीतरी त्यास उचलून काट्यावर उभे राहावयाचे आणि मग आपले वजन वजा करावयाचे. ह्या निमित्ताने घरातील काही मंडळींस स्वतःचे वजन प्रथमच कळले. असो.

दुसरी चूक अधिक जीवावरची. त्या पहिल्या वैशाखात पारा बेचाळिसाच्या घरात होता. एके दिवशी चार वाजता मुले कापसास घेऊन पैनगंगेच्या बाजूस निघाली. ऊन कलले आहे असे त्यांस वाटले. डांबरी रस्ता तापलेलाच आहे हे चपला घातलेल्या मुलांस कसे कळावे! अर्ध्या तासाने ती रडत परतली. कुत्र्यास दोघांनी उचलून आणले होते. जीभ गडद लाल झालेली, तोंडातून दाट लाळ, पाय लटपटणारे, डोळे कोणावरही न ठरणारे. दादा मोटारीची किल्ली आणण्यास धावले, पण सुदैवाने सूनबाईंनी तत्पूर्वी दूरध्वनीवर डॉक्टरांस विचारले होते. उत्तर आले: आधी पाणी ओता, मग वाहन काढा. हौदावर नेऊन पोटावर, मांड्यांत, पायांवर केस भिजून कातडीस लागेपर्यंत कळशांमागून कळशा ओतल्या, व पंखा लावला. गुंगीत असलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंशांच्या आसपास असते. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा, इतके पाणी ओतूनही, ते एक्केचाळीसवर होते. त्या रात्री वाड्यात कोणी जेवले नाही. मुलांवर कोणी रागावलेही नाही. रागावावयास हवे होते ते आम्हा मोठ्यांवर.

कुत्र्यास घाम येतो तो केवळ पावलांच्या तळव्यांस. बाकीची उष्णता तो धापा टाकूनच बाहेर टाकतो. म्हणून व्यायामाचे आमचे वेळापत्रक आता सूर्यावर बांधले आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत पहाटे साडेचार-पाचास निघावयाचे आणि उजाडून ऊन चढण्यापूर्वी परतावयाचे. रात्री नऊनंतर पुन्हा अर्धा तास. निघण्यापूर्वी हाताचा पालथा पंजा जमिनीवर ठेवून संथपणे सात अंक मोजावे. हात निघाला तर कुत्र्याचे पाऊलही निघणार. दुपारी तो मधल्या खोलीत फरशीवर, वाळ्याच्या पडद्याच्या कूलरसमोर असतो. आमच्या वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात कूलर चांगला चालतो. आषाढाच्या दमटपणात तोच निरुपयोगी ठरतो, तेव्हा पंखा व मोकळी हवा ठेवावी. हिवाळ्यात मात्र त्याचे राज्य असते. पौषातल्या थंडीत आम्ही शालीत गुरफटून चालतो आणि तो तासभर दौडूनही घरी यावयास तयार नसतो. मुले अंगणात पांगली की हा भोवती फिरून त्यांस ओसरीकडे हाकून आणतो. रेनडियर नाहीत, तर गोखले मास्तरांच्या शिकवणीची वेळ झालेली मुले सही, असा त्याचा विचार दिसतो.

तिसरी चूक दादांची. उन्हाच्या त्या प्रसंगानंतर त्यांस राहवेना. “आपण स्वेटर घालून उन्हात बसू का?” असे म्हणून त्यांनी एका सकाळी यंत्र आणवून कापसाच्या पाठीवरील केस मुळापासून उतरविले. हेतू दयेचाच. परंतु ह्या दुहेरी केसांचा बाहेरचा थर ऊन कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. तो गेला की गुलाबी कातडी भाजते, आणि उतरलेले केस पुनः पूर्ववत येतीलच असे नाही. कापसाच्या पाठीवर दोन ठिकाणी अजून आखूड, विटकी लव आहे. दादा तेथे हात फिरवितात तेव्हा आम्ही दुसरीकडे पाहतो.

उतरावयाचे असतात ते गळालेले केस, आणि ते फणीने. आतील लव मोकळी झाली की हवा कातडीपर्यंत खेळते. ती गुंतून नमदा झाली तर उष्णता कोंडते व खाली कातडी बिघडते. एरवी आठवड्यातून दोनदा, व वर्षातून एकदोनदा लव झडू लागली की रोज, विरळ लांब दातांच्या पोलादी फणीने विंचरावे. वरवर फणी फिरविणे व्यर्थ. एका हाताने केस उलटे धरून कातडी दिसेल अशी ओळ पाडावी आणि ओळीओळीने खालून वर यावे. कानांमागे, काखांत व मांड्यांच्या मागे गाठी होतात. त्या ओढू नयेत, बोटांनी सोडवाव्या. झडीच्या दिवसांत परसात अक्षरशः ढीग पडतो. आई दुपारी वाती वळीत असतात. त्यांनी एकदा त्या ढिगातील चिमूटभर लव घेऊन मांडीवर वळून पाहिली. सूत सुरेख निघाले. “देवापुढे चालायची नाही, पण सूत आहे,” असा निर्णय त्यांनी दिला. पाश्चात्य देशांत ह्या लोकरीचे हातमोजे विणतात हे आम्ही त्यांस सांगितले, तेव्हा त्यांस यत्किंचितही नवल वाटले नाही.

स्नान दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरे. आपला साबण त्यास चालत नाही, कुत्र्यांचा मिळतो. विंचरल्यावाचून पाणी घालू नये, गाठी घट्ट होतात. स्नानानंतर मुळापर्यंत कोरडे करणे हेच खरे काम, आणि पावसाळ्यात तर भिजून आला की लगेच. श्रावणभर आम्ही त्याच्या बोटांच्या बेचक्या व कान रोज पाहतो. गोचीड असेल तर ती त्या दाट केसांत नजरेस पडत नाही, बोटांसच लागते. तिच्यापासून रक्ताचे रोग होतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध लावावे. पिसाळरोगाची लस दरवर्षी टोचावी, हे सांगावयास नकोच. अवघड दुखण्यास आमच्या भागात अकोल्याची पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था जवळ पडते.

आता पुष्कळ पत्रांतून जो प्रश्न येतो: असा कुत्रा घ्यावा काय? आमचे मत, वऱ्हाड-मराठवाड्याच्या उन्हात घेऊ नये. आमच्या आळीतील गावठी कुत्री त्याच वैशाखात भिंतीच्या सावलीस खुशाल निजलेली असतात. त्यांतील एखादे पिल्लू आणून लस टोचून वाढविले तर तितकेच प्रेम करते आणि त्यास कूलर लागत नाही. २०१६ साली केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीकरिता परदेशी कुत्री आणण्यास बंदी केली होती. बाजारात जी पिल्ले मिळतात ती बहुधा येथेच पैदा झालेली असतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकणे गुन्हा आहे. त्याचे आईबाप पाहावयास न देणाऱ्या विक्रेत्याच्या पायऱ्या चढू नयेत. मात्र जो घरी आलेलाच आहे, त्यास ऊन फार म्हणून वाऱ्यावर सोडणाऱ्या घरांची दोन-तीन उदाहरणे आमच्या कानी आली आहेत. त्यांविषयी न लिहिलेलेच बरे.

गेल्या आठवड्यात पुतण्याचे पत्र आले. तो दिवाळीस पुण्यास परतत आहे व कापसास घेऊन जावयाचे म्हणतो. वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. रात्री दादांनी सहज विचारावे तसे विचारले, “त्याच्या त्या इमारतीत पहाटे फिरवायला जागा आहे का रे?” दुसऱ्या दिवशी वहीत त्यांच्या हस्ताक्षरात नोंद होती: पहाटे पावणेपाच, नदीपर्यंत व परत, पाठ विंचरली, काकडी अर्धी.