आरोग्य-चर्चा : नाकांतील जकात नाका

स्वयंपाकघरांत तिखट कुटलें जात असतां माजघरांतून कोणी गेलें, तर खकाण्यानें त्याला चार-सहा शिंका येतात, नाक वाहूं लागतें, डोळ्यांत पाणी उभें राहतें. आणि थोड्या वेळानें सर्व कांहीं निवळतें. शिंका कां आल्या हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या थांबल्या कां, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मिरचींतील दाहक द्रव्य नाकाच्या आंतील मज्जातंतूंना डिवचतें व ते तंतू एक सूक्ष्म पदार्थ सोडतात. शास्त्रज्ञ त्याला 'सबस्टन्स पी' म्हणतात. अकरा मणी एका सुतांत ओवावेत तशी त्याची घडण असते. यांतला प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि अशा लहान माळेला पेप्टाइड हें नांव आहे. या माळेच्या योगें तेथील रक्तवाहिन्या फुगतात व स्राव सुटतो. ती तशीच राहती, तर एका खकाण्याची शिक्षा फार वेळ भोगावी लागती. परंतु नाकाच्या अंतस्त्वचेंत अशा माळा कातरून टाकणारीं एन्झाइमें असतात. त्यांतलें न्यूट्रल एंडोपेप्टिडेझ माळ मध्येंच तोडतें, तर अमिनोपेप्टिडेझ पुढच्या टोंकापासून एकेक मणी सोडवीत जातें. सर्दींत नाक चोंदविण्यास हातभार लावणारें ब्रॅडिकायनिन, तेंही याच कातरींत सांपडतें.

हा विषय काढण्याचें कारण अंबाजोगाईहून आलेलें एक पत्र. बीड जिल्ह्यांतील हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांना योगेश्वरीचें स्थान म्हणून परिचित आहे. कोंकणस्थांच्या कित्येक घराण्यांची ती कुलस्वामिनी. पत्र लिहिणाऱ्या आजीबाईंच्या अकरा वर्षांच्या नातवाला मधुमेह जडला असून दिवसांतून चार वेळां इन्शुलिनची सुई टोंचावी लागते. त्या लिहितात कीं, नस्याची चाल घरांत पूर्वापार आहे. थोरल्या जाऊबाईंना हाडें ठिसूळ झालीं म्हणून एके काळीं डॉक्टरांनींच नाकांत फवारावयाचें औषध दिलें होतें. मग पोराच्या अंगाची चाळण करण्यापेक्षां तें इन्शुलिन नाकांत थेंब-थेंब सोडलें तर काय बिघडेल? घरांतील वडील मंडळींचा विचार असा आहे कीं, सुट्टींत चार दिवस तसें करून पाहावें.

उत्तर आधींच सांगतों : चार दिवस राहोत, एक दिवसही असें करूं नये. या प्रकारच्या मधुमेहांत मुलाच्या शरीरांत स्वतःचें इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं. सुई बंद पडली कीं दिवस-दोन दिवसांत रक्तांत आम्लें सांचूं लागतात. पोट दुखतें, ओकाऱ्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, मूल गुंगींत जातें, आणि प्राणावर बेततें. नातवाची कळ सोसवत नाहीं म्हणून सुई थांबवावी, तर त्याचें फळ हें असें आहे.

आजीबाईंचा प्रश्न मात्र अडाणीपणाचा नाहीं. 11 जानेवारी 1922 रोजीं टोरोंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन प्रथम टोंचण्यांत आलें, आणि त्याच सालीं शिकागोच्या डॉक्टर वुडयट यांनीं तें नाकांतून देऊन पाहिलें. तेव्हांपासून शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, पण रक्तांतील साखर आंवरण्यासाठीं नाकांतून घ्यावयाचें इन्शुलिन कांहीं रूढ झालें नाहीं. अडचणी तीन आहेत. इन्शुलिनची माळ एक्कावन्न मण्यांची. एवढें थोर धूड अंतस्त्वचेंतून सहज पार होत नाहीं. शिवाय नाकांतील ही त्वचा पसरली तर दीडशे चौरस सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडीशीच मोठी. आणि तिच्यावरील सूक्ष्म केसर आलेला माल पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे लोटून देतात. जें काय रेंगाळतें त्याला तीं एन्झाइमें गांठतात. नाकाला नाक्याची उपमा दिली तर शब्दच्छल होईल, पण ती चपखल आहे. येथें जकात घेतली जाते, आणि ती ठराविक दरानें नाहीं. सर्दी असेल त्या दिवशीं एक दर, नाक कोरडें असेल त्या दिवशीं दुसरा. 1980 नंतरच्या दशकांत पित्तांतील क्षार मिसळून इन्शुलिन आंत रेटण्याचे प्रयत्न झाले. तें रक्तांत थोडेंफार गेलें खरें, पण नाकाची आग होऊं लागली.

मग जाऊबाईंचें औषध कसें चाललें ? तें बहुधा कॅल्सिटोनिन असावें. तें बत्तीस मण्यांचें असून सुईच्या मानानें त्याचा सरासरी शंभरांत तीन भाग एवढाच अंश रक्तांत पोंचतो, आणि तोही माणसागणिक फार निराळा. अंश थोडा कमी-जास्त झाला म्हणून त्या दिवशीं कांहीं अनर्थ होत नाहीं. (कर्करोगाचा धोका किंचित् वाढतो असें दिसल्यावरून 2012 सालीं युरोपांत हा फवारा हाडांच्या रोगासाठीं बंद करण्यांत आला, हेंही सांगून ठेवतों.)

याहून मौजेची हकीकत तपकिरीची आहे. तपकिरीच्या डब्या घरांतून गेल्या त्याबद्दल आम्हांस दुःख नाहीं. पण एका रोगांत डॉक्टरच तपकीर ओढावयास देत असत. साखरेशीं संबंध नसलेलें असें एक बहुमूत्र आहे. रोगी घागरभर पाणी पितो व रात्र-रात्र उठतो. अशा रोग्यांना जनावरांच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची सुकी भुकटी नाकांत ओढावी लागे. तींतील गुणकारी पेप्टाइड नऊच मण्यांचें. 1967 च्या सुमारास प्रागच्या रसायनज्ञांनीं त्यांत दोन फेरफार केले : पहिल्या मण्याचें, अमिनोपेप्टिडेझ जेथें पकडतें तें टोंक काढून टाकलें, आणि आठवा मणी आरशांत दिसावा तसा उलटा बसविला. कातरीला धरावयास जागाच उरली नाहीं ! हेंच डेस्मोप्रेसिन. त्याचाही शंभरांत तीन ते पांच भागच रक्तांत जातो. पण तें इतकें जालीम आहे कीं तेवढ्यानें काम होतें, आणि प्रमाण चुकलें तर तें तहान-लघवीवरून ताडतां येतें.

इन्शुलिनचा हिशेब याहून कडक आहे. आज तीन भाग गेले व उद्यां दहा, तर आज साखर चढेल आणि उद्यां मूल बेशुद्ध पडेल. गंमत अशी कीं, त्या बेशुद्धीवरचें औषध मात्र नाकांतून चालतें. साखर वाढविणारें ग्लुकॅगॉन हें एकोणतीस मण्यांचें पेप्टाइड भुकटीच्या रूपानें नाकांत सोडण्यास 2019 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. सुईनें तें एक मिलिग्रॅम देतात, नाकांत तीन. प्रसंग आणीबाणीचा असतो. नाक्यावर कितीही गळालें तरी पुरेसें आंत गेलें म्हणजे झालें.

2024 च्या डिसेंबरांत भारतांत परवानगी मिळालेली इन्शुलिनची भुकटी तोंडानें ओढून फुप्फुसांत घ्यावयाची आहे. ती प्रौढांकरितां आहे, आणि दिवसभर टिकणाऱ्या इन्शुलिनची सुई तिनें सुटत नाहीं. तेव्हां या मुलाच्या कामाची ती नव्हे.

कळ कमी करावयाची असेल तर सुई बारीक व आंखूड घ्यावी, जुनी पुन्हा वापरूं नये, टोंचण्याची जागा रोज बदलावी. अंबाजोगाईस 1974 सालापासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील डॉक्टरांकडून हें समक्ष शिकून घ्यावें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत वीज गेली, तर इन्शुलिनची बाटली कोरड्या डब्यांत घालून तो डबा ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यांत सांवलींत ठेवावा. बर्फांत मात्र पुरूं नये, गोठलेलें इन्शुलिन फुकट जातें. आणि मुलाला एकाएकीं घाम सुटून थरथर होऊं लागली, तर तो शुद्धीवर असेपर्यंत साखरेचें पाणी पाजावें. शुद्ध गेल्यावर तोंडांत कांहींही घालूं नये, तडक रुग्णालय गांठावें.