भुजबळ, मंडल आणि पक्षांतराचे कारण

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाच्या बैठकीला अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ बसले नाहीत. आदल्याच दिवशी, आझाद मैदानावरील मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणानंतर, सरकारने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याचा मार्ग मोकळा करणारा निर्णय काढला होता. कुणबी म्हणजे इतर मागासवर्गीय. त्यामुळे सरकारी नोकरीतील त्या वर्गाच्या वाट्यात नवे भागीदार येणार, हा भुजबळांचा आक्षेप. याच वाट्याच्या प्रश्नावर १९९१ मध्ये त्यांनी पक्ष सोडला होता.

ऑगस्ट १९९० मध्ये पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी केंद्रीय नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखून ठेवण्याची मंडल आयोगाची शिफारस स्वीकारली. शिवसेनेचा तिला विरोध होता. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनात भुजबळांनी १८ आमदारांच्या सह्यांचे पत्र विधानसभाध्यक्षांकडे दिले. सेनेचे आमदार ५२ होते आणि एक तृतीयांश सदस्यांची फूट तेव्हा पक्षांतरबंदी कायद्याला मान्य होती. अठरा हा आकडा त्या हिशेबातून आलेला. सही करणाऱ्यांतील बरेच जण लगेच माघारी फिरले, तरी गटाला मान्यता मिळाली आणि भुजबळ काँग्रेसमध्ये दाखल झाले.

मंडलची घोषणा आणि हे बंड यांत सुमारे सोळा महिन्यांचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. १९८५ साली विधानसभेत सेनेचा किल्ला माझगावच्या भुजबळांनी एकट्याने लढवला होता. १९९० मध्ये विरोधी पक्षनेतेपद मात्र मनोहर जोशी यांना मिळाले आणि भुजबळांच्या वाट्याला पुन्हा मुंबईचे महापौरपद आले. डावलले गेल्याचा सल नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ज्या पक्षात ते गेले, त्याचे मंडलप्रेम तरी कुठे उतू जात होते? राजीव गांधी यांनी लोकसभेत मंडलच्या निर्णयावर प्रखर टीका केली होती आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलेले होते. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ते २७ टक्के वैध ठरले. महाराष्ट्रात शरद पवार मुख्यमंत्री असताना २३ मार्च १९९४ च्या शासन निर्णयाने राज्याच्या नोकऱ्यांतील मागासवर्गीयांचा वाटा वाढला.

तेव्हा बंडामागे तत्त्व होते की महत्त्वाकांक्षा, या वादाला फारसा अर्थ उरत नाही. दोन्ही होते. फरक पुढे दिसतो. गोव्यातील वाचकाला पक्षांतराचे नावीन्य नाही. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि २०२२ मध्ये आठ आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा सांगितलेला ‘विकास’ नंतर कोणी मोजायला बसले नाही. भुजबळांनी सांगितलेले कारण मात्र त्यांच्यामागून चालत राहिले. १९९२ मध्ये त्यांनी समता परिषद स्थापन केली. १९९५ मध्ये माझगावात बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडले. पुढे राष्ट्रवादी, उपमुख्यमंत्रिपद, येवला, दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंग, २०२३ मध्ये अजित पवारांसोबत सत्ता असे सारे होऊनही या मुद्द्यावर त्यांनी भूमिका बदलली नाही.

उणीव दुसरीकडे आहे. वाट्याची टक्केवारी राखण्यात हयात गेली. ज्यातून वाटा द्यायचा ती भाकरीच लहान होत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि गदारोळानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. कंत्राटी माणसाच्या नेमणुकीत आरक्षणाला जागा कुठली? भुजबळ त्या मंत्रिमंडळात होते. त्यांचा आवाज महाराष्ट्रभर घुमला तो महिनाभराने, अंबडच्या सभेत, आणि मराठा आरक्षणावर.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशात हीच कोंडी वेगळ्या रूपात दिसते. तेथे २०१९ मध्ये इतर मागासवर्गीयांचा वाटा १४ वरून २७ टक्क्यांवर नेला गेला, पण प्रकरण न्यायालयात गेल्याने वाढीव १३ टक्के जागांचे निकाल रोखून ठेवण्यात आले. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील लालबर्राच्या एखाद्या तरुणाने परीक्षा दिली, तर कायद्याच्या पुस्तकात जागा आहे आणि नेमणुकीचे पत्र नाही, अशी त्याची अवस्था. बालाघाटचे अनेक वर्षांचे आमदार गौरीशंकर बिसेन हे राज्याच्या मागासवर्ग कल्याण आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या आयोगाच्या अहवालानंतर २०२२ मध्ये स्थानिक निवडणुकांतले आरक्षण वाचले. नोकऱ्यांचे घोंगडे मात्र भिजतच राहिले. २०२३ मध्ये बिसेन स्वतः पराभूत झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये भुजबळांना मंत्रिमंडळातून वगळले गेले, २० मे २०२५ रोजी परत घेतले गेले. सप्टेंबरमधील निर्णय ते ज्या सरकारचे मंत्री आहेत, त्याच सरकारचा. नागपुरात सह्यांचे पत्र दिले तेव्हा ते ४४ वर्षांचे होते, सप्टेंबर २०२५ मध्ये ७७ वर्षांचे होते. या वेळी बैठकीकडे पाठ फिरवली. राजीनामा दिला नाही.