साखळीस तेल कीं मेण?

सायकलीची साखळी कुरकुरूं लागली कीं तिच्यावर तेलाची धार धरावी, हा आपल्याकडील सर्वमान्य उपाय. मुरुडच्या काळ्या मातींत मात्र तो अपायकारकच ठरतो, असें आमचें मत आहे. खेड्यांतून शाळेस येणाऱ्या मुलांच्या साखळ्या पाहाव्या. तेलास धूळ चिकटून जो काळा चिखल होतो, तो कानशीप्रमाणें पिना झिजवितो. झिजलेली साखळी लांबते, चक्राचे दांतेही खाते; आणि दोन्हींचा खर्च आईबापांच्या माथीं!

मँचेस्टरच्या हॅन्स रेनोल्डनें १८८० सालीं काढलेली रुळांची साखळीच आजही मूलतः प्रचारांत आहे. तिला वंगण हवें तें आंत, पिनांभोवतीं, बाहेर नव्हे. म्हणून साखळी उतरवून प्रथम रॉकेलानें, मग साबणाच्या ऊन पाण्यानें धुवावी, पुरती वाळवावी आणि मेणबत्त्यांच्या वितळलेल्या मेणांत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावी. मेणाचें भांडें उकळत्या पाण्यांत ठेवावें, विस्तवावर कदापि नव्हे. वडील माणूसही जवळ असावें. थिजलेल्या मेणास धूळ फारशी चिकटत नाहीं, कपड्यांसही काळे डाग पडत नाहींत. (आयांस एवढें कारण पुरेसें आहे!)

खटाटोप आहे, हें कबूल. शिवाय पावसांत मेण गंजास फार काळ अडवीत नाहीं; तेव्हां आषाढ-श्रावणांत तेलच बरें, तेंही थेंब थेंब घालून वरचें पुसून टाकलेलें.