खाण बंद, खर्च चालू

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ साली बंद झाली. पंप थांबले, खाणीत पाणी चढत गेले आणि जानेवारी १९९२ मध्ये कोट्यवधी लिटर आम्लधर्मी पाणी कार्नन नदीत फुटले. लोह, जस्त, कॅडमियम व आर्सेनिक यांनी भरलेल्या त्या पाण्याने पुढची फाल नदीची खाडी नारिंगी झाली.

असल्या पाण्यातून आर्सेनिक काढण्याची रीत वरकरणी सोपी आहे. चुना घालून आम्लता उतरवली की विरघळलेले लोह हवेच्या संयोगाने गंजासारखा साका बनून तळाशी बसते आणि बसता बसता आर्सेनिकलाही चिकटवून घेते. ज्या लोहाने नदी विद्रूप केली, तेच येथे फुकटचे औषध ठरते. जेथे लोह अपुरे असते, तेथे लोहाचे क्षार विकत आणून घालावे लागतात.

परंतु पाण्यात केवळ आर्सेनिक व लोह नसतात. जस्त आणि कॅडमियम तळाशी बसवावयाचे तर चुना अधिक घालावा लागतो. आणि पाणी फार अल्कधर्मी झाले की साक्याची आर्सेनिक धरून ठेवण्याची शक्ती उणावते. चुन्यातील कॅल्शियम ही उणीव काही अंशी भरून काढते, एवढेच. एका धातूवरचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो. सबब, एकट्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून खर्चाचा अंदाज बांधणे ही फसवणूक होय.

शिवाय विष नष्ट होत नाही. ते पाण्यातून साक्यात जाते आणि तो साका कायम सांभाळावा लागतो. व्हील जेन येथे २००० सालापासून चुन्याचा शुद्धीकरण प्रकल्प अखंड चालू आहे. कथलाचा नफा केव्हाच वाटला गेला. चुन्याचे बिल मात्र सरकारी तिजोरी भरते. कारण सोडून दिलेल्या खाणीतून वाहणाऱ्या पाण्याबद्दल मालकास त्या वेळच्या ब्रिटिश कायद्याने सूट होती. १९९५ च्या कायद्याने ती काढली, तीही १९९९ अखेरनंतर सोडलेल्या खाणींपुरतीच.

यातील धडा एका देशापुरता नाही. खाणीच्या पाण्यात कोणकोणते धातू उतरतील याची पाहणी आणि बंद झाल्यानंतरच्या शुद्धीकरणाची अनामत, या दोन्ही गोष्टी परवान्यापूर्वीच वसूल झाल्या पाहिजेत. पंप थांबल्यावर मागावयाला मालक जागेवर असेलच, याची हमी कोण देणार?